तेल्हाऱ्याची स्लॅब आणि दोनशे चौदा पोती

तारीख सहा मे, वार मंगळवार, सकाळचे आठ. वजन बारा हजार आठशे चाळीस किलो, म्हणजे सरकीची दोनशे चौदा पोती, एका पोत्यात साठ किलो, आणि हे मी पोत्यावरचा छापा पाहून सांगत नाही, एकूणएक पोतं काट्यावर चढवून सांगतो. जागा तेल्हाऱ्यातली एक शाळा, तिच्या मागच्या खोलीची स्लॅब. हजर कोण, तर शाळेच्या मुख्याध्यापिका देशपांडे मॅडम, जिनिंगवरचे हमाल आठ, त्याईचा मुकादम भगवान, आणि मी. इतकेच लोक. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मले लोकाईनं विचारलं, खोलीत तुमच्यासंगं अजून कोण होतं म्हणून.

माहं नाव नसीर. जन्म परतवाड्याचा. माहे वडील करीम मिस्त्री, सारे त्याईले उस्ताद म्हणत. अचलपूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, जिथं स्लॅब पडायची असन तिथं अब्बा असत. शिकले नव्हते, पण काँक्रीट मुठीत घेऊन दाबत अन् मूठ उघडून पाहत, आणि सांगत, हे बसन, हे नाही बसणार. मले त्याईनं शिकवलं, म्हणजे शाळेत घातलं, मंग डिप्लोमाले अमरावतीले ठेवलं, आणि आता बावीस वर्षं झाली, मी अमरावतीत काँक्रीट तपासायच्या लॅबमधी आहे. टेक्निशियन. सही साहेबाची असते, आकडे माहे असतात.

आमचं काम काय, तर ठेकेदार पंधरा सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे आणून देतात, त्याच मालाचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवलेले. आमी ते मशिनीत दाबतो. काटा चढत जातो, चढत जातो, ठोकळा चूप असतो, आणि मंग एक आवाज येते. चांगला ठोकळा तडकन बोलते. कच्चा ठोकळा बोलत नाही, नुसता बसते, जसं कोणी थकून खाली बसलं. मी हजारो फोडले असतीन. आता पाठ करून उभा असलो तरी आवाजावरून आकडा सांगतो, चार-पाच टक्क्यांचा फरक पडला तर पडला.

पण काय सांगू तुमाले, ठोकळा फोडणं म्हणजे काँक्रीट कळणं नाही. लोकाईले वाटते काँक्रीट म्हणजे दगड. दगड नाही. त्याच्यावर वजन ठेवलं तर ते वाकते. डोळ्याले दिसत नाही, पण वाकते, आणि वजन काढलं की परत येते. सारंच नाही येत, थोडं त्याच्यापाशी राहून जाते. किती वाकलं हे महत्त्वाचं आहेच, पण किती परत आलं हे त्याच्याहून महत्त्वाचं. माणसाचंही तसंच असन, पण ते मोजायचं यंत्र आमच्या लॅबमधी नाही.

आता त्या स्लॅबचं सांगतो, म्हणजे ती कशी पडली ते. ती अब्बाचीच. मी तवा एकवीस वर्षांचा होतो, डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, सुट्टीत हाताखाली गेलो होतो. उन्हाळाच होता. सकाळपासून मिक्सर चालू, दुपारी एक वाजला, स्लॅबचा शेवटचा कोपरा राहिला होता, आणि माल उन्हानं घट्ट व्हायले लागला. घमेल्यातून पडेना. बाया डोक्यावरचं घमेलं उलटं करून ठोकत होत्या आणि मले शिव्या देत होत्या, कारण मिक्सरपाशी मी होतो. खाली कडुनिंबाखाली रोडगे झाले होते, कणकेचे जाड गोळे, गोवऱ्याच्या राखेतून काढून ठेवले होते, वांग्याची भाजी झाली होती, स्लॅबचं जेवण. साऱ्याईले भूक लागली होती. अब्बा दिसत नव्हते. मी एक बादली पाणी जास्तीचं ओतलं. माल असा सरसर सुटला. मंग पुढच्या फेरीलेही ओतलं. अशा आठ फेऱ्या. अर्ध्या तासात स्लॅब झाली, सारे जेवले, मीही चार रोडगे खाल्ले.

जास्तीचं पाणी काय करते, ते पुस्तकात मी तवाच वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं, चांगले मार्क भेटले होते. पाणी उडून जाते आणि त्याच्या जागी पोकळी राहते. पण वाचणं वेगळं. लॅबमधी लागल्यावर जवा जवा एखादा ठोकळा न बोलता खाली बसला, तवा तवा मले तो कोपरा आठवला. मी कोणाले सांगतलं नाही. अब्बाले तर नाहीच. ते जाऊन नऊ वर्षं झाली.

आणि मंग या उन्हाळ्यात मॅडमचा फोन. शाळेले वर एक वर्ग काढायचा आहे, म्हणजे या छताची आता जमीन होणार, वर साठ लेकरं बसणार, खाली साठ लेकरं बसणार. नकाशे सापडत नाहीत. इंजिनियर म्हणतो आधी वजन ठेवून पाहा. मी म्हटलं, मॅडम, ही स्लॅब माह्या वडिलाची आहे, दुसऱ्या लॅबले बोलवा. त्या म्हणाल्या, म्हणूनच तर तुम्हाला बोलावते आहे नसीरभाई, खोटा आकडा लिहायचा असेल तर दुसऱ्याला सोपं जाईल, तुम्हाला नाही जाणार. मी साहेबाले लेखी दिलं की मिस्त्री माहे वडील होते. साहेब म्हणाले, प्रत्येक आकड्यावर त्या मॅडमची सही घे आणि जा. पाण्याचं मी तवाही कोणाले बोललो नाही.

आता परीक्षा कशी असते, ते ऐका. स्लॅबवर ठरलेलं वजन चोवीस तास ठेवायचं. खाली, बरोबर मध्यभागी, घड्याळासारखं एक डायल लावायचं, त्याचा दांडा स्लॅबले टेकते, स्लॅब केसभर हलली तरी काटा सांगते. स्लॅब कोसळलीच तर म्हणून खाली लाकडी बल्ल्या उभ्या करायच्या, पण टेकवायच्या नाहीत, वर दोन इंच फट सोडायची. या स्लॅबले साडेसहा मिलिमीटरची मुभा होती. त्याच्या आत राहिली तर पास, पुढं पाहायचंच काम नाही. जास्ती वाकली तर वजन काढून चोवीस तास थांबायचं, आणि वाकल्याच्या पंचाहत्तर टक्के परत आली पाहिजे. माह्या हिशोबानं ही स्लॅब सहा तरी वाकायले पाहिजे होती. चांगली असती तरी पाच.

मुकादमाले मी सकाळीच सांगतलं, भाऊ, पाच-पाच पोत्याच्या वेगवेगळ्या चवडी लाव, अशा बेचाळीस, आणि एक चारची, अन् दोन चवडीत चार बोटं जागा सोड, एकीनं दुसरीले टेकू नोको देऊ. तो म्हणे हो हो, आमाले काय पोतं लावणं शिकवता. मी खाली गेलो आणि डायलपाशी बसलो. पोतं वर जायचं, मी वहीत रेघ मारायचो. दोनशे चौदा रेघा. नजर काट्यावर. वर जाऊन पायलं नाही, ही माही चूक, ती मी कबूल करतो.

साडेदहाले शेवटचं पोतं चढलं. काटा दोन पॉइंट चारवर.

मी चष्मा पुसला. डायलले बोटानं टिचकी मारली. दोन पॉइंट चार. बारा हजार आठशे चाळीस किलो डोक्यावर, आणि स्लॅबले जसं कोणी चादर पांघरली. असं होत नाही भाऊ. नव्या स्लॅबचं होत नाही, हिचं कुठून होणार. मॅडम दारात उभ्या होत्या, त्याईले आनंद झाला. म्हणाल्या, उस्तादांचं काम. हमाल खाली उतरले, त्याईनंही काटा पायला, एक जण हसला, म्हणे, बुढ्यानं खालून हात देल्ला. सारे हसले. मीही हसलो.

मंग ते जेवायले गेले. मॅडम ऑफिसात गेल्या. बारा वाजले. तेल्हाऱ्याची मे महिन्याची दुपार तुमाले माहीत असन, रस्त्यावर कुत्रं नसते, कावळा नसते, पानही हालत नाही, ऊन इतकं पांढरं की सावल्या भिंतीच्या पोटात शिरून बसतात. शाळा रिकामी. वरून सरकीचा वास उतरून राहिला होता, तेलकट, कोमट, जसा एखाद्याच्या अंगाचा यावा. आणि वरून मधी मधी आवाज. कर्र. मंग चूप. मंग कर्र. पोती बसत असतीन म्हणून मी वहीत लिहिलं, बारा वाजून दहा मिनिटं, वर आवाज.

मी त्या बल्ल्या तपासल्या. मले वाटलं एखादी बल्ली टेकली असन, म्हणून स्लॅब वाकून नाही राहिली. एकेका बल्लीच्या वर हात घातला. दोन इंचाची फट, माहा हात आरपार गेला. बारा बल्ल्या होत्या. बाराही मोकळ्या. पण त्या फटीत हात घालताना, काय सांगू तुमाले, मले असं वाटलं की हात कशालेतरी लागन. लागला नाही. नुसती हवा होती. पण हात मी दर वेळेस लवकर काढला.

आणि परत डायलपाशी आलो तर काटा दोन पॉइंट एकवर.

म्हणजे स्लॅब वर गेली. बारा टन डोक्यावर घेऊन तीन दशांश मिलिमीटर वर. उन्हानं असं होते, ते मले माहीत आहे, वरची बाजू तापली की स्लॅब पोट फुगवते. पण वर तर पोती होती, पाच पोत्याचा थर, खालची स्लॅब सावलीत. वरची बाजू तापायचं काही कामच नव्हतं. खोलीत मी एकटा. आमच्यात भूतबित मानत नाहीत. गेलेला माणूस गेला, तो अल्लाकडं. मी वहीत आकडा लिहिला, वेळ लिहिली, आणि समोर लिहिलं, कारण माहीत नाही. मंग मले तिथं बसवेना. मी उठून जिना चढलो.

वर गेलो आणि पायलं तर थप्पी. चवडी नाहीत, एकसलग थप्पी. एक थर आडवा, एक थर उभा, सांधा सांध्यावर नाही, जशी भिंतीतली वीट, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत गच्च ठासून. मुकादम पायरीवर बसून पानाले चुना लावत होता. मी म्हटलं, मुकादम, चार बोटं जागा कुठी आहे? तो म्हणे, जागा कायले? जागा सोडली तं पोतं लोळते. वीस वर्षं झाली, माही थप्पी आजपावेतो पडली नाही, मालकाले विचारा. आणि त्याची गोष्ट खरी होती, थप्पी अशी होती की नजर लागावी. पण ती थप्पी स्वतःच कमान झाली होती. मधलं वजन पोत्या-पोत्याईतून दोन्ही अंगच्या भिंतीवर उतरून गेलं होतं. मधल्या स्लॅबवर काहीच नव्हतं. आमी साऱ्याईनं मिळून बारा टन वजन चढवलं आणि स्लॅबले ते कळलंच नाही.

मी तिथंच उभा राहिलो, तळपाय भाजून राहिले होते. आकडा माह्या वहीत होता, दोन पॉइंट चार, मॅडमची सही झाली होती. उद्या सकाळी उतरवा, पास लिहा, घरी जा. थप्पी आणि चवडी यातला फरक त्या गावात कोणालेच माहीत नव्हता. अब्बाचं नाव राहिलं असतं. माही बादली तशीच बुडून राहिली असती. आणि जूनमधी साठ लेकरं वर, साठ खाली.

मी म्हटलं, मुकादम, उद्या सारं उतरवा, आणि चवडी लावा. तो म्हणे, दोनशे चौदा पोती? मी म्हटलं, दोनशे चौदा. तो म्हणे, तुमचं डोकं फिरलं का उन्हानं? मंग माह्या तोंडाकडं पायलं, आणि पान तोंडात घालून उठला.

सात तारखेले सारं उतरवलं, चवडी लावल्या. या खेपेले प्रत्येक फटीत मी स्वतः चार बोटं घातली. दुपारी बाराले शेवटचं पोतं ठेवलं, आणि खाली येऊन पायलं तर काटा पळून राहिला होता. पाच. सहा. सात. चोवीस तासानं आठ पॉइंट दोन. साडेसहाच्या पार. वजन काढलं. आणखी चोवीस तास. परत आलं साडेपाच. पाहिजे होतं सहा पॉइंट पंधरा. सदुसष्ट टक्के. नापास.

मी मॅडमच्या समोर बसलो आणि आकडे सांगतले. आणि मंग म्हटलं, मॅडम, दोष मिस्त्रीचा नाही, आठ फेऱ्यांत पाणी म्या ओतलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ते तोंडातून निघालं. त्या म्हणाल्या, आता पुढे काय? मी म्हटलं, नियमात अजून एक संधी आहे. तीन दिवस थांबून परत वजन ठेवायचं. पण या खेपेले ऐंशी टक्के परत आलं पाहिजे. नाही आलं तर स्लॅब पाडायची. त्या म्हणाल्या, पाडू. घाबरू नका.

त्या तीन दिवसांत परतवाड्याले अम्मीशी फोनवर बोललो. तिलेही सांगून टाकलं. अम्मी म्हणाली, तेल्हारा? वो स्लॅब? उस महीने तेरे अब्बा घर नहीं आये, एक पैसा भी नहीं भेजा, मैं तो लड़ी थी उनसे. मी म्हटलं, दुसरं काम लागलं होतं ना? मले कोणाकडून तरी पत्र लिहून तसंच कळवलं होतं त्याईनं. अम्मी म्हणाली, कायका काम. मेरेकू तो कुछ बताए नहीं.

बारा तारखेले पोती परत चढली. काम झाल्यावर हमाल गेले, मुकादम मागं राहिला. म्हणे, भाऊ, मॅडमनं मले सांगतलं, तू काय बोलला ते. त्या दिवशी मीबी होतो स्लॅबवर, घमेलं वाहत होतो. तुले आठवत नसन. तुह्या बापानं पायलं होतं. तू बादली ओतली तवा तो शिडीवर होता. म्याच त्याले म्हटलं, उस्ताद, पोराले आवरा. तो म्हणे, आता पडलं पाणी, पोट्ट्याले साऱ्याईच्या समोर काय बोलू. मंग सारे गेले, तो राहिला. स्लॅबवर मातीचे बांध घातले, विहिरीवरून बादलीनं पाणी आणून भरलं. लोक सात दिवस भरतात. त्यानं अठ्ठावीस दिवस भरलं. इथंच वऱ्हांड्यात झोपे. मी म्हटलं, उस्ताद, एवढं कायले? तो म्हणे, पोराच्या हातचं काम आहे, कच्चं नोको राहायले.

ताज्या काँक्रीटले पाणी पाजत राहिलं की ते आतून भरत जाते. पुस्तकात आहे. तेही मी परीक्षेत लिहिलं होतं.

तेरा तारखेले दुपारी बारा. परत तीच दुपार, तोच पांढरा उजेड, तोच सरकीचा वास. चोवीस तास भरत आले होते. काटा सहा पॉइंट पाचवर थांबला होता, सकाळपासून हालला नव्हता. खोलीत मी एकटा. वर कर्र असा आवाज झाला. चवडी वेगवेगळ्या होत्या, एकीनं दुसरीले टेकायचं काम नव्हतं, आवाज यायचंही काम नव्हतं. मी त्या मधल्या बल्लीपाशी गेलो, फटीत हात घातला, आणि या खेपेले लवकर काढला नाही. तसाच ठेवला. आणि हळूच म्हटलं, अब्बा, आता सोडा. माहा भार मले घेऊ द्या.

मी हात काढला, डायलपाशी आलो. सहा पॉइंट आठ.

तीन दशांश खाली. सहा तारखेले दुपारी जेवढी वर गेली होती, बरोबर तेवढीच. मी वहीत वेळ लिहिली, आकडा लिहिला, समोर लिहिलं, कारण माहीत नाही. रिपोर्टमधीही दोन्ही जागी हेच लिहिलं आहे. साहेब म्हणाले, हे काढून टाक, उन्हाचं लिही. मी म्हटलं, ऊन लागलं नव्हतं साहेब, मी कसं लिहू.

वजन काढलं. चौदा तारखेले शेवटचा आकडा घेतला. सहा पॉइंट आठमधून परत आलं पाच पॉइंट सात. चौऱ्यांशीले जरा कमी. ऐंशी पाहिजे होते. मॅडमनं सही केली, मुकादमानं केली, मी केली. पास. दोन्ही वेळचं मिळून जे परत आलं नाही ते तीन पॉइंट आठ मिलिमीटर. ते आता कधीच येणार नाही, ते त्या स्लॅबपाशी राहिलं.

मले आता सारे विचारतात, खरंच काय होतं तिथं? मी सांगतो, मले जे दिसलं ते वहीत आहे, त्याच्या पलीकडं माही सही नाही. जूनमधी वर बांधकाम सुरू होईल. लेकरं बसतीन, उड्या मारतीन, मारू द्या. मी मॅडमले एवढंच सांगून आलो, की त्या खोलीत भर दुपारी कोणी एकटं असलं आणि वर आवाज झाला, तर भिऊ नोका म्हणा.

देण्याघेण्याचं राहिलं. लॅबची फी शाळेनं लॅबले दिली. थप्पी उतरवून चवडी लावायची जास्तीची हमाली, ती शाळेवर कशी टाकू, पहिल्याच दिवशी वर जाऊन पाहायचं काम माहं होतं. आठ हमालाईचे एका दिवसाचे मिळून पाच हजार सहाशे, ते मी भगवान मुकादमाच्या हातात ठेवले. त्यानं मोजले, हमालाईचे त्याईले वाटले. त्याले वेगळे द्यायले लागलो तर घेतले नाही. म्हणे, पैसे नोको, त्या दिवशी माल वाहता वाहता उशीर झाला आणि मले रोडगे भेटलेच नव्हते, तुमीच संपवले होते. मंग त्याच कडुनिंबाखाली गोवऱ्या लावल्या. मुकादमाले चार रोडगे दिले, मोजून.